टिंगआजीचा गाल

गल्लीतला फोटोग्राफर म्हणजे चेहऱ्यांचा इस्त्रीवाला. हे नाव त्याला बेकरीवाल्यानं ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला मनातून आवडायचं. सुरकुती असो, मुरूम असो, डोळ्यांखालचं काळं असो, त्याच्या कॉम्प्युटरवर आलं की सपाट! लग्नाळू पोरी आईला न सांगता त्याच्याकडे यायच्या. ओळखपत्राचा फोटोसुद्धा तो असा करून द्यायचा की दारावरचा पहारेकरी एकदा फोटोकडे बघायचा आणि एकदा माणसाकडे. गिऱ्हाईक खूश, हाही खूश. मग कोण कशाला बोलतंय?

तर त्या वर्षी टिंगआजी गेली. नव्वदी ओलांडून, दुपारच्या झोपेत, कुणाला पाण्याचा पेलासुद्धा न मागता. गल्लीत असं घर सापडायचं नाही ज्यातलं एक तरी माणूस तिच्या पाळणाघरात वाढलं नाही. पाळणाघर कसलं, तिच्या घराची पुढची खोली. खाली सतरंजी, खिडकीला जाळी, कोपऱ्यात कायम कोमट असलेलं दुधाचं पातेलं. कामावर जाणाऱ्या आया सकाळी पोर ठेवायच्या आणि संध्याकाळी उचलायच्या. पुढे त्या पोरांची पोरं आली, मग त्यांचीही. तिला स्वतःचं मूल नव्हतं, पण असं तिच्याबद्दल कुणी म्हटलं असतं तर गल्लीनं त्याला वेड्यात काढलं असतं. फोटोग्राफर त्याच सतरंजीवर रांगला आणि त्याची मुलगीही.

तिच्या आठवणींसाठी सगळ्यांनी रविवारी गल्लीच्या टोकाच्या हॉलमध्ये जमायचं ठरवलं. बेकरीवाला म्हणाला, "फोटो तुझ्याकडे. तुझ्याकडेच तर आहे तिचा एकुलता एक."

हे खरं होतं. तशी आजी घरोघरच्या फोटोंत होती, पण प्रत्येक फोटोत तिच्या तोंडापुढे कुणाचं तरी टाळकं. कुठे नुसता हात, कुठे अर्धा कान. नीट चेहरा म्हणाल तर एकाच फोटोत. तो काढायला ती आदल्या वर्षी आपणहून स्टुडिओत आली होती, ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून.

"माझा फोटो काढ," ती म्हणाली होती. "मी मेल्यावर लावायला. नाहीतर तुम्ही मेले कुठल्या तरी पोराच्या मागचा माझा कान लावाल."

"आजी, काहीतरीच काय बोलतेस!"

"काहीतरी नाही. आणि नीट ऐक. मी आहे तशी दिसले पाहिजे. काही पुसायचं नाही, काही खोडायचं नाही. तुझी इस्त्री मला नको."

"बरं," तो हसून म्हणाला होता. आणि तेव्हा त्यानं खरंच काही केलं नव्हतं. फोटो काढला आणि ठेवून दिला.

केलं ते आता. शनिवारी दुपारी तो फोटो मोठा करायला बसला. डोळे भरून आलेले. पडद्यावर आजी समोर. त्याला वाटलं, सगळी गल्ली बघणार आहे, आपली आजी कशी छान दिसली पाहिजे! जित्याची खोड, दुसरं काय? हात चालायला लागला. कपाळावरच्या रेघा त्यानं राहू दिल्या, तेवढं भान होतं. पण डाग गेले, मानेवरचं लोंबतं कातडं गेलं, आणि गालावरची ती मोठी काळी चामखीळही गेली. जीव ओतून केलं हो सगळं! आणि झाल्यावर, रोज गिऱ्हाइकांचं करतो तसं, त्याच फाइलवर सेव्ह केलं. मूळ फोटो गेला तो गेलाच.

बायकोनं पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, किती तजेलदार दिसतायत!" ती लग्न होऊन परगावाहून आलेली. तिच्या बालपणात टिंगआजी नव्हती. हा मात्र फुशारून गेला. जाड पुठ्ठ्यावर फोटो चिकटवून, वर चादर घालून, स्वतः खांद्यावरून हॉलमध्ये घेऊन आला.

हॉल खच्चून भरला होता. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक भिंतीला टेकून उभे राहिले. आजीच्या धाकट्या बहिणीला पुढे बसवलं होतं. तिनंच उठून चादर ओढली, जाड चष्म्यातून फोटोकडे बघितलं, जवळ गेली, पुन्हा बघितलं.

"ही कोण?" ती म्हणाली.

लोक चुळबुळले. फोटोग्राफरच पुढे झाला आणि हसत म्हणाला, "मावशी, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा." दोन-चार जण हसले. म्हातारी खुर्चीत जाऊन बसली.

मग बोलायला उठला बसचा ड्रायव्हर. आडदांड गडी. "मी लहानपणी एक नंबरचा रडका. आई गेली की भोकाड. आजी मला कडेवर घ्यायची, माझं बोट धरून गालावरची चामखीळ दाबायला लावायची आणि तोंडानं म्हणायची, 'टिंग! कोण आलंय?' मग मी म्हणायचो, 'मी आलोय.' की रडणं बंद. आजही बसची बेल वाजली की मला..."

सगळा हॉल हसला. आणि हसता हसता सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं. हसू जागच्या जागी विरलं.

फोटोग्राफरनंही वर फोटोकडे पाहिलं. टिंगआजी! अरे, नावच त्यावरून पडलेलं! जन्मभर ते नाव घेतलं, पण घासून घासून इतकं गुळगुळीत झालेलं की ते आलं कुठून हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

पुढे डॉक्टरीणबाई उठल्या. "आम्ही सगळे बेल वाजवूनच आत जायचो. मी डॉक्टर झाल्यावर म्हटलं, आजी, ही काढून टाकू, काही दुखायचं नाही. तर म्हणाली, 'काढलीस तर पोरं आत येतील कशी?'" बाईंची नजर फोटोवर गेली. त्या बसल्या.

करायला गेला गणपती अन् झाला मारुती, असं म्हणून सोडून देता आलं असतं तर किती बरं होतं. पण इथे जो तो उठत होता आणि चामखिळीचंच सांगत होता, आणि वर ती कोण कुठली गुळगुळीत गालांची बाई सगळ्यांकडे बघत होती. फोटोग्राफरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यातही सगळ्यात जास्त टोचत होता तो चष्म्याचा विनोद. एवढ्या माणसांत त्या म्हातारीलाच तेवढं धड दिसलं होतं.

शेवटी बेकरीवाला वळून म्हणाला, "अरे इस्त्रीवाल्या, हे काय करून ठेवलंस?"

"असू दे, असू दे," ड्रायव्हर मध्ये पडला. "मूळ असेलच की त्याच्याकडे. उद्या दुसरा काढून आणेल."

सगळ्या माना याच्याकडे वळल्या. थाप जिभेवर तयार होती: मशीन आपोआप करतं हल्ली, माझ्या लक्षात आलं नाही. कुणाला काय कळणार होतं? एवढं म्हटलं असतं की सुटला असता. त्यानं तोंड उघडलंही. पण समोर ती बहीण बसली होती, मांडीवर चादरीची घडी घालत.

"मूळ नाही," तो म्हणाला. "त्याच्यावरच सेव्ह केलं मी. आणि... आजीनं सांगितलं होतं मला, काही खोडू नकोस म्हणून. मी बरं म्हणालो होतो."

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. मागे एक बाई नुसती "अरे देवा" म्हणाली.

त्याच्या खिशात बारीक ब्रश आणि काळ्या शाईची कुपी होती. फोटोला ओरखडा आला तर बुजवायला तो नेहमी बाळगायचा. तो उठला, फोटोपुढे जाऊन उभा राहिला, ब्रश शाईत बुडवला. आणि हात हवेतच राहिला.

कोणता गाल?

हजारो चेहरे बघितलेला माणूस, शनिवारी आपल्याच हातानं पुसली होती ती त्यानं. आता आठवेना. मागे वळून तो कसंबसं म्हणाला, "कोणत्या... कोणत्या बाजूला होती?"

हॉलभर हात उठले. कुणाचं बोट डाव्या गालाला, कुणाचं उजव्या. "अरे असं समोरून बघ!" "नाही रे, आरशात बघितल्यासारखं!" नुसता गोंधळ. बहिणीनं मात्र हात उचलला नव्हता. ती म्हणाली, "तुला ठाऊक आहे. तूही होतास तिच्या कडेवर."

त्यानं ब्रश खाली ठेवला. डोळे मिटले. सतरंजी आठवली, दुधाचा वास आठवला, कमरेवरची ती घट्ट पकड आठवली. तो सगळी कामं उजव्या हातानं करणारा, पण उठला तो डावा हात. बोट पुढे गेलं आणि कागदावर, आजीच्या डाव्या गालावर, दाबून थांबलं. तो आवाजाची वाट बघत राहिला.

आवाज आला नाही.

मग त्यानं तिथे शाई लावली. ठिपका थोडा मोठा झाला, कडेला किंचित फाकलाही. त्यानं तो सारखा केला नाही. तो बाजूला झाला तसं हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं आणि ड्रायव्हर तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागला.

बहीण काठी टेकत उठली. फोटोच्या अगदी जवळ जाऊन चष्मा वर करून बघितलं.

"हां," ती म्हणाली. "ही ती."

"मावशी, मला माफ करा," तो म्हणाला.

तिनं त्याच्या शाई लागलेल्या बोटांकडे पाहिलं. "फोटो काढून घरी आली ना, तेव्हा फार खूश होती. म्हणाली, 'दुसऱ्या कुणाचं तोंड तो सोडत नाही, पण माझं सोडलंन. पोरगा माझा आहे.'"