मौनीबुवांचा अ‍ॅप्रन

साबणबाईंना सगळा बस डेपो पाठीमागे साबणबाई म्हणतो, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, पण ठाऊक नसल्याचा आव त्या झकास आणायच्या. आरोग्य खात्याच्या ‘स्वच्छ हात, सुरक्षित ताट’ मोहिमेच्या त्या प्रचारक. डेपोच्या कँटीनमध्ये त्यांनी पहिलं पाऊल टाकलं आणि ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींच्या सुखाला दृष्टच लागली. हात धुवा. ओले करू नका, धुवा! वीसपर्यंत मोजा. भराभर नाही, सावकाश. वरून मीठ घेऊ नका. तळलेलं रोज नको. कच्ची कोंबडी कापली त्या पाटावर काकडी चिराल तर याद राखा. "मीठ कमी, तेल कमी, बोलणं मात्र पोटभर," असं हॉर्न म्हणायचा. हॉर्न म्हणजे डेपोतला सगळ्यात जुना ड्रायव्हर. तो कुजबुजला तरी रस्त्यापलीकडे ऐकू जायचं, म्हणून हॉर्न.

पण एका माणसाने बाईंचं बोलणं पहिल्या दिवसापासून कान देऊन ऐकलं. ते कँटीनचे आचारी. त्यांना सगळे मौनीबुवा म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. घरी बोलायला माणूस नाही आणि कँटीनमध्ये बोलायला वेळ नाही, असं होता होता बोलायची सवयच मोडली होती. बाईंनी आज सांगावं आणि उद्या ते झालेलं असावं. भाजीला हिरवा पाट, मांसाला लाल पाट. फ्रिजमध्ये शिजलेलं वर, कच्चं खाली. प्रत्येक भांड्यावर झाकण. एकदा बाई बोलता बोलता म्हणाल्या की ताटात जितके रंग जास्त तितकं बरं. दुसऱ्या दिवशी बीट, गाजर, मटार, भोपळा आणि जांभळा कोबी, सगळे एकाच कढईत! चव कशी होती ते विचारू नका. हॉर्नने ताट सरकवलं. बाईंनी दोनदा वाढून घेतलं.

आता यावरून काय ते शहाण्याने ओळखावं. बाईंच्या वहिनीने तर पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. बाईंचं वय चाळिशीच्या पुढे, राहणं भावाकडे, लग्न करायचं राहून गेलेलं. आणि रोज संध्याकाळी घरी येऊन ही बया सांगणार काय, तर आज मौनीबुवांनी फडकी उकळून वाळत घातली!

"वन्सं," वहिनी म्हणाली, "तुम्ही शंभर माणसांसमोर जुलाबावर तासभर बोलता. मग एका माणसाशी दोन शब्द बोलायला जीभ का उचलत नाही?"

"मी का आधी बोलू? आणि बोलले आणि त्यांनी नुसती मान हलवली तर? तीही आडवी?"

"मग बसा झुरत. उद्या तुमचा शेवटचा दिवस आहे ना तिथला?"

शेवटचाच होता. सोमवारपासून बाईंची नेमणूक शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंदरावरच्या मासळी बाजारात. तिथून डेपोच्या कँटीनमध्ये सहज डोकावायचं म्हटलं तर दोन बस बदलाव्या लागल्या असत्या, आणि सहज म्हणून दोन बस कोण बदलतं? उद्या काही झालं नाही तर संपलंच सगळं. बाईंना रात्रभर झोप लागली नाही.

शेवटच्या दिवशी मोहिमेचा मोठा प्रयोग असायचा. बाईंकडे एक पांढरी भुकटी होती. निरुपद्रवी, बिनवासाची, अंगाला लागली तर साध्या उजेडात मुळीच दिसत नाही. पण अंधार करून जांभळा दिवा धरला की लख्ख चमकते. सकाळी ती गुपचूप एकाच ठिकाणी लावायची आणि दुपारी दिवा फिरवून दाखवायचं, बघा, एका हातावरची घाण कुठे कुठे फिरते. प्रयोग पाहायला खात्याचे मोठे साहेब येणार होते. सगळं ठीक दिसलं तर कँटीनला ‘सुरक्षित स्वयंपाकघर’ ही पितळी पाटी मिळणार होती. साहेब स्वभावाने वाईट नव्हते. फक्त हसायचं कसं ते त्यांना कोणी शिकवलेलं दिसत नव्हतं.

बाई सकाळी लवकर आल्या. कापसाच्या बोळ्याने त्यांनी कँटीनच्या दाराच्या मुठीला भुकटी फासली, फट्कन डबी बंद केली, तशी थोडी भुकटी त्यांच्या नकळत तोंडावरही उडाली, आणि त्या हात धुवायला स्वयंपाकघरातल्या नळाकडे गेल्या. आत कोणी नव्हतं. मौनीबुवा भाजी उतरवून घ्यायला मागच्या फाटकावर गेले असणार. नळाशेजारच्या खुंटीवर त्यांचा अ‍ॅप्रन लटकत होता. धुतलेला, इस्त्री केलेला, पांढराशुभ्र.

बाई त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. आजचा शेवटचा दिवस, हे त्यांना एकदम नव्याने जाणवलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी अ‍ॅप्रनचे दोन्ही खांदे धरले आणि त्यात तोंड खुपसलं. नाक, गाल, हनुवटी, सगळं. साबणाचा आणि जिऱ्याचा वास होता. "मेल्या, बोल ना काहीतरी," त्या अ‍ॅप्रनला म्हणाल्या.

मग भानावर आल्या आणि हात धुतले. वीसपर्यंत मोजून, नखांच्या कडांसकट. नियम म्हणजे नियम.

दुपारी कँटीन खचाखच भरलं. खिडक्यांना काळे कागद लावले. साहेब पुढच्या खुर्चीत, त्यांच्या मागे ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, भांडी घासणाऱ्या मावशी, गल्ल्यावरची मुलगी. मौनीबुवा अ‍ॅप्रन घालून स्वयंपाकघराच्या दाराशी. बाईंचा आवाज नेहमीसारखा खणखणीत लागला नाही, पण त्यांनी रेटून नेलं. "सकाळी मी फक्त दाराच्या मुठीला भुकटी लावली. आता बघा!" दिवे गेले, जांभळा दिवा लागला.

अहाहा, काय गोंधळ उडाला! दाराची मूठ तर चमकलीच, पण खुर्च्यांच्या पाठी चमकल्या, चमचे चमकले, गल्ल्याचा खण चमकला. मीठ आपण कधीच सोडलंय असं छातीठोक सांगणाऱ्या डेपो मॅनेजरची मिठाची बाटली नखशिखान्त चमकली. "अहो, मी फक्त बाजूला ठेवली!" ते ओरडले. "किती वेळा?" मागून कोणीतरी विचारलं. हॉर्नच्या दोन्ही नाकपुड्या आतून उजळल्या तेव्हा तर लोक बाकांवर आडवे झाले. साहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला म्हणतात. अंधारात नक्की कोण सांगणार?

"आता हात कसे असावेत ते बघा," बाई म्हणाल्या आणि दिवा मौनीबुवांच्या हातांवर धरला. दोन्ही तळवे काळे कुळकुळीत. एक ठिपका नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंचा ऊर भरून आला आणि त्या भरात त्यांनी दिवा थोडा वर नेला.

मौनीबुवांच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पंजा झगमगत होता. पाचही बोटं सुटी सुटी. आणि दोन पंजांच्या मध्ये, बरोबर छातीवर, एक नाक, एक हनुवटी आणि दोन गाल.

पहिला हॉर्न वाजला. "अरे बापरे! बुवांच्या गळ्यात कोण पडलं?"

छप्पर उडायचंच बाकी राहिलं. बरं, दिवा बाईंच्याच हातात, त्यामुळे त्या स्वतः त्याच्या मागे, काळोखात. कोणाला काही दिसत नव्हतं. त्यांनी दिवा बंद करायला बटण चाचपलं, पण साहेब उभे राहिले.

"थांबा. हे उत्तम उदाहरण आहे. संसर्गाचा माग काढायचा तो असाच. तुम्हीच शिकवलंय ना यांना?"

शिकवलं होतं! ठसा जुळवा, माणूस शोधा, असं तीन महिने घसा कोरडा करून शिकवलं होतं. आणि जन्मात पहिल्यांदाच सगळा डेपो शिकवलेलं करायला एका पायावर तयार झाला. रांग लागली. एकेक जण येऊन मौनीबुवांच्या खांद्यावर हात ठेवून मोजून बघायला लागला. मौनीबुवा खांबासारखे उभे. मेकॅनिकचा पंजा मोठा. मॅनेजरचा जाड. मावशींना पुढे ढकललं तर त्या उसळल्या, "मुडद्यांनो, खांद्यापर्यंत पोचायला मला स्टूल लागतं! आणि मला मिठी मारायचीच असती तर अंगावर जरा मांस असलेला माणूस शोधला असता, हा हाडांचा सापळा नाही!"

मग कोणीतरी गल्ल्यावरच्या मुलीचा हात धरून पुढे आणला. तिचा पंजा ठशावर बरोबर बसला. तंतोतंत. तिच्या बोटांवर दाराच्या मुठीची भुकटीही होती.

"घ्या! सापडली!" हॉर्न गरजला. शिट्ट्या वाजल्या. पोरगी विशी-बाविशीची, पुढच्या महिन्यात लग्न ठरलेलं, आणि होणारा नवरा याच डेपोत कंडक्टर, तिसऱ्या बाकावर बसलेला. "मी नाही हो, शपथ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. तिसऱ्या बाकावरचं हसणं थांबलं. कंडक्टर उठून उभा राहिला.

बाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं. गप्प बसलं तर आपली अब्रू राहते, सोमवारी आपण मासळी बाजारात, कोणाला कधी कळणार नाही. पण या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि हे आपण केलं होतं. छे! असल्या अब्रूला काय चाटायचंय?

"तिला सोडा," बाई म्हणाल्या. "ते माझे आहेत."

"काय तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"हात. नाक. सगळं." आणि त्यांनी दिवा फिरवून स्वतःच्या तोंडावर धरला.

नाकाचा शेंडा चमकला, गाल चमकले, हनुवटी चमकली. सकाळपासून हा चेहरा घेऊन त्या डेपोभर हिंडत होत्या. कोणी म्हणजे कोणी हसलं नाही. हसायच्या पलीकडचं काहीतरी झालं होतं. गल्ल्यावरच्या मुलीने तेवढा मोठ्ठा श्वास सोडला.

"पण बाई," साहेब हळूच म्हणाले, "तुम्ही भुकटी लावल्यावर हात नाही धुतले?"

"धुतले, साहेब. नंतर." बाईंचे कान तापून लाल झाले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मागे कोणीतरी पुटपुटलं आणि कोणीतरी त्याला कोपरखळी मारली. "चूक माझी आहे. मी आचाऱ्यांच्या अ‍ॅप्रनला हात लावायला नको होता. तोंड तर मुळीच नको होतं. त्यांना यातलं काही माहीत नाही. पाटी त्यांना द्या, ती त्यांची आहे. मी जाते."

त्या दिवा टेबलावर ठेवून पिशवी शोधायला लागल्या. अंधारात सापडेना.

तेवढ्यात कोणीतरी घसा खाकरला. तो आवाज ओळखायला लोकांना वेळ लागला, कारण तो कोणी फारसा ऐकलेलाच नव्हता.

"साहेब," मौनीबुवा म्हणाले, "पाटी देऊ नका."

"का?"

"अ‍ॅप्रनला दुसऱ्या कोणाचा हात लागला की लगेच बदलायचा. नियम आहे. मी सकाळी कोठीत होतो. जाळीच्या दारातून दिसलं मला."

बाई पिशवी शोधायच्या थांबल्या.

"दिसलं?" साहेब म्हणाले. "मग बदलला का नाहीत?"

"कपाटात दोन धुतलेले होते," मौनीबुवा म्हणाले. त्यांनी खाली स्वतःच्या छातीकडे पाहिलं, तिथे नाक अजून चमकत होतं. "नाही बदलावासा वाटला."

आता मात्र बाईंचा तोल गेला. लाज, भीती, आनंद, सगळं एकदम उफाळून आलं आणि आलं ते भांडणासारखं. "म्हणजे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं? आणि त्याआधी तीन महिने? तीन महिने मी रोज येत होते! तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

"तुम्ही बोलत होतात ना," मौनीबुवा म्हणाले. "मध्ये कसं बोलायचं?"

मग जे हसू फुटलं ते काळ्या कागदांतून बाहेर रस्त्यावर गेलं असेल. मावशी डोळे पुसत होत्या. मॅनेजरांनी नादात मिठाची बाटली उचलली आणि पुन्हा चमकलेला हात बघून खाली ठेवली. साहेब चक्क हसत होते, खांदे हलवून, दातांसकट. आणि कोणीतरी दिवे लावायला उठला तर त्यांनीच त्याला हाताने खाली बसवलं.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांची घडी घातली, हनुवटी वर केली. "ही मी गप्प बसले. आता एक अक्षर बोलणार नाही. बोला काय बोलायचं ते."

हॉर्नने स्वतःच्याच तोंडावर हात धरला. मौनीबुवा दोन पावलं पुढे आले, थांबले, हात अ‍ॅप्रनला पुसायला गेले आणि पुसले नाहीत. त्यांनी श्वास घेतला.

"तुम्ही माझ्याशी..."

"हो!" साबणबाई म्हणाल्या.