दारातला वरवंटा

मी एक वरवंटा. इकडंतिकडं बघू नका, खाली उंबऱ्यापाशी बघा. एका टोकाचा टवका उडालेला, अंगावर हळदीकुंकवाचे नि शेंदराचे थर आणि डोक्यावर लोकरीची कुंची. हो, कुंचीच. ती कशी आली, तेच सांगायचंय.

माझा जन्म जोतिबाच्या डोंगराकडच्या काळ्या दगडातला. धोंडुबाईनं छिन्नीनं घडवून मला पाटीत घातलं आणि "पाटा घ्या, वरवंटा घ्या" करत कोल्हापुरात मंगळवार पेठेत आणलं. माईंनी मला उचललं, आधी नमस्कार केला आणि मग घासाघीस केली. माईंचं सगळं असंच. आधी देव, मग व्यवहार.

रोज मिरच्या, लसूण, तीळ वाटायचं काम. पण माझा खरा मान बारशाला. आमच्याकडं वरवंट्याला बाळासारखी कुंची घालतात आणि बाळाच्या आधी त्यालाच पाळण्याखालून-वरून फिरवतात. त्या दिवशी मी गोपा! माईंना मूलबाळ नव्हतं, पण गल्लीतल्या प्रत्येक बारशाला त्या मला हौसेनं द्यायच्या. कितीतरी लेकरांचा मी दगडी भाऊ. सकाळी ठेचा आणि दुपारी पाळणा असं असल्यामुळं एका बाळाला तर मी शेजारी येताच शिंका लागल्या होत्या.

माझा टवका उडाला तो माईंच्या यजमानांमुळं. दत्तोपंत शाळामास्तर होते. संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. मनाच्या शास्त्रावरची जाडजूड पुस्तकं वाचून त्यांनी घरीच सल्ला द्यायचं ठरवलं. पाटी रंगवून आणली : 'मनाच्या अडचणींवर सल्ला मिळेल. गुप्तता पाळली जाईल.' हातोडी सापडेना, म्हणून खिळा ठोकायला मला घेतलं. खिळा वाकला, मास्तरांचं बोट सुजलं, माझा टवका उडाला. पाटी दारावर लागली ती तिरकीच.

"अहो, वरवंटा म्हणजे काय हातोडी?" माई कळवळल्या.

"अगं, दगडच तो."

"दगड कसला! गल्लीतल्या निम्म्या पोरांचा भाऊ आहे तो."

पण टवका उडालेल्या वरवंट्यावर वाटलं तर चटणीत कच येते. मी तुळशीखाली जाऊन पडलो.

मास्तरांकडं माणसं येऊ लागली. पहिल्या दिवशी एकजण हरवलेली म्हैस विचारायला आला. पुढं खरी दुखणीही येऊ लागली. आत मास्तर आणि आलेलं माणूस, दार बंद. गुप्तता!

एकदा एक छोटं पोर बाहेर आलं ते थरथरतच. झालं काहीच नव्हतं. पण बंद खोली, अनोळखी माणूस आणि त्याच्या त्या झुपकेदार मिशा! ते माईंच्या पदराला बिलगलं ते सोडेना.

पोर गेल्यावर माई म्हणाल्या, "आता दार लावायचं नाही."

मास्तर दुखावले. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"माझा आहे हो. पण त्या लेकराचा कुठून असणार? आणि उद्या तुमचं बघून दुसरा कुणी अशीच पाटी लावेल. तो कसा निघेल, कुणी सांगावं? रीत चांगली असली म्हणजे माणसाची परीक्षा बघत बसावं लागत नाही."

मास्तरांनी पुस्तकांत उत्तर शोधलं.

श्रावणातला शुक्रवार होता, जिवतीचा. लेकरांना सांभाळणारी ती देवी. माईंनी पूजा केली, जगातल्या सगळ्या लेकरांसाठी चारी दिशांना अक्षता टाकल्या आणि व्रत घेतलं. या खोलीत लेकरू असेल, किंवा आपलं दुखणं आपण सांगू न शकणारं मोठं माणूस असेल, तर दार उघडं राहील. शहाण्यासुरत्या माणसानं मागितलं तर खुशाल लावावं. माई समोरच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसणार. सगळं दिसेल, पण ऐकू येणार नाही इतक्या लांब. रंकाळ्याकडच्या वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून त्यांनी मला तुळशीखालून उचललं, हळदकुंकू लावलं आणि दाराला टेकवून ठेवलं.

तेव्हापासून आमच्या घरचा भात कोल्हापुरात सगळ्यांत स्वच्छ.

हळदकुंकवाचा दगड दिसला की आपली माणसं काय करतात, सांगायला नको. पैलवान आकाराम मास्तरांकडं यायचा. एवढा दांडगा गडी, पण पालीला भ्यायचा. "तालमीत कळालं तर लंगोट खुंटीला टांगायची पाळी येईल, मास्तर," म्हणायचा. त्याला दार बंद हवं असे. मला बाजूला ठेवण्याआधी तो हात जोडायचा. एक दिवस तालमीतल्या मारुतीचा शेंदूरच घेऊन आला आणि मला नखशिखांत माखलं. म्हणाला, "दारात बसतोय, म्हंजी ह्यो दारोबा!" महिन्याभरात माझ्यापुढं नारळ फुटू लागले. हरवलेल्या म्हशीवाला मलाच विचारू लागला.

माई देवघरात जाऊन म्हणत, "अंबाबाई, मी त्याला देव म्हटलेलं नाही हं. लोकच म्हणतात."

अशात पुढच्या श्रावणातल्या एका शुक्रवारी नंदिनी आली. वय नऊ. तिला मी ओळखलं, तिच्या बारशाचा गोपा मीच होतो. वडील आधीच गेलेले आणि आई देवाघरी गेल्यापासून ती चुलत्याकडं राहायची आणि अलीकडं शाळेत बोलेनाशी झाली होती. शाळेतल्या बाईंनी बजावलं म्हणून चुलता, अंबादास, तिला घेऊन आला होता.

"पोरगी लबाड आहे, मास्तर. दार लावा, दरडावून विचारा. आणि काय बोलली ते मला सांगा."

मास्तर म्हणाले, "दार उघडंच असतं. आणि तुम्ही बाहेर बसायचं."

"मी चुलता आहे तिचा!" असं म्हणून त्यानं मला सरकवायला पाय उचलला.

"ओ पावणं!" ओसरीवरून आकाराम गरजला. "दारोबाला पाय लावताय व्हय? हात झडंल की!"

"हात कसा झडेल? पाय लावला तर..."

"मग पाय झडंल! दोन्ही हायत की तुमच्याकडं."

अंबादासानं पाय मागं घेतला. पण नजर पोरीवरच, आणि ती नजर बघून पोरीचे ओठ घट्ट मिटलेले. माईंनी हे पाहिलं. त्यांनी त्याच्या मुठीत अक्षता दिल्या.

"बसा भाऊजी, पाठ दाराकडं करून. शुक्रवारची कहाणी सांगते. हातात अक्षता असताना मधेच उठायचं नसतं, ठाऊक आहे ना?"

त्याला ते ठाऊक होतं. मूठ आवळून बसला. माईंनी एरवी चहा उकळेपर्यंत संपणारी कहाणी अशी काही लांबवली की राजाच्या राणीनं त्या दिवशी पंचगंगेकाठच्या सगळ्या देवळांत पायी जाऊन दर्शन घेतलं.

नंदिनी मास्तरांपाशी गेलीच नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि माझ्यावर हात ठेवला.

"तू माझा गोपा ना? आई सांगायची." मग अगदी हळू म्हणाली, "मी आईसाठी रडले की काका मला धान्याच्या कोठीत कोंडतात. अंधार असतो. उंदीर असतात."

मला घाम फुटला असता, पण दगडाला कुठला घाम.

"कुणाला सांगू नका," ती मास्तरांना म्हणाली.

मास्तरांनी मान वर करून आपल्या तिरक्या पाटीकडं पाहिलं. मग ते खुर्चीवरून उतरून खाली जमिनीवर बसले.

"बाळ, तेवढं वचन मी देत नाही. तुला कोंडणं थांबवायचं तर मला सांगावं लागेल. पण ज्याला सांगायचं त्यालाच सांगेन, आणि तुला आधी विचारीन. कुणापाशी तुला बरं वाटतं?"

"आक्काकडं. आईच्या आईकडं. शाहूवाडीला."

कहाणीतली राणी अजून नदीकाठीच होती. मास्तरांनी खूण केली तशी राणीला माईंनी झटकन घरी पोचवलं आणि अंबादासाला म्हणाल्या, "जिवतीची कुमारिका म्हणून नंदिनी आज आमच्याकडंच जेवणार आणि राहणार. नाही म्हणू नका, व्रत मोडेल." तो तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला दारात उभा आकाराम दिसला. त्यानं चपला पायात सरकवल्या.

आकारामनंच निरोप नेला. दुसऱ्या दिवशी आक्का पहिल्या मोटारीनं आली आणि मास्तरांनी बोलावून घेतलेल्या अंबादासाच्या पुढ्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या लेकीचं लेकरू कोठीत घातलंस व्हय रं? जोंधळं हाय काय ते?"

"वळण लावत होतो..."

"मला इचारायचं हुतंस की! तुला वळण लावायला मी हाय न्हवं?"

सगळी गल्ली दारात जमलेली. नंदिनी आक्काबरोबर जाणार, हे अंबादासानं खालमानेनं कबूल केलं. तिकडच्या शाळेतल्या गुरुजींना मास्तर स्वतः जाऊन भेटले.

निघताना नंदिनी मोटारीच्या वाटेवरून पळत मागं आली. पिशवीतून आपली बारशाची कुंची काढली आणि माझ्या डोक्यावर चढवली. "वारा लागेल तुला," म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

त्याला काही वर्षं झाली. मास्तरांनी पाटीवर एक ओळ वाढवली आहे : 'लेकराला इजा होत असेल तर मात्र गुप्तता नाही.' पाटी अजून तिरकीच आहे. शाहूवाडीत नंदिनी वर्गात इतकं बोलते की गुरुजींनीच मास्तरांना सल्ला विचारलाय.

तुमच्याही दारी कुणाचं लेकरू मनातलं सांगायला येईल. तेव्हा दाराला काहीतरी जड टेकवून ठेवा. वरवंटा नसला तर पाटा चालेल. माझ्यासाठी मात्र नारळ आणू नका. मी देव नाही, भाऊ आहे. आणि ही कुंची जरा विरलीय. कुणी विणणार असेल तर माईंकडं लोकर आहे.