दगडाखालची खूण

"पाठ फिरवा," लोरेन्झ म्हणाला आणि त्याने कुदळ उचलली.

दगडाच्या दोन्ही बाजूंच्या शेतांचे मालक, फाइट आणि कुनी, ओढ्याकडे तोंड करून उभे राहिले. दगड कुणी हलवला तर कळावे म्हणून सीमेच्या दगडाखाली काय पुरलेले असते, ते फक्त गावच्या सात शपथकऱ्यांनी, म्हणजे हद्दी राखायची शपथ घेतलेल्यांनी, पाहायचे. ते कागदावर लिहायचे नाही, बायकोलाही सांगायचे नाही, मरेपर्यंत. सातांतले आता लोरेन्झ धरून दोघेच उरले होते आणि दुसरा अंथरुणाला खिळलेला. लोरेन्झलाही कंबर साथ देत नव्हती. जन्मभर लोकांची वीतभर जमिनीची भांडणे मिटवली, आता पुरे झाले, असे त्याला मनापासून वाटत होते.

"काका, सापडलं का काही?" फाइटने पाठमोरा राहूनच विचारले. "या बांधावरच्या झाडापायी माझा ट्रॅक्टर वळत नाही हो. आमचे बाबा शेवटपर्यंत सांगायचे, झाड आपल्या हद्दीत आहे म्हणून."

"तुझे बाबा काय, चर्चचा मनोरासुद्धा आपल्याच हद्दीत आहे म्हणायचे," कुनी फणकारली.

"म्हणू देत. झाड माझं निघालं तर उद्याच करवत लावणार. आधीच सांगून ठेवतो."

गावात मूल जन्मले की झाड लावतात. हे नासपतीचे झाड कुनीच्या मुलीचे, आग्नेसचे. आग्नेस शाळेत जायच्या आधीच तापाने गेली, झाड राहिले. त्याच्याखालच्या बाकावर कुनी अजून रोज संध्याकाळी येऊन बसायची.

लोरेन्झ गुडघ्यांवर टेकला. दगड मठाच्या काळचा, शेकडो वर्षांपूर्वीचा, मठाधिपतीचा दंड कोरलेला. पायथ्याची माती त्याने बोटांनी सारली. खुणा होत्या, जशा हव्यात तशाच मांडलेल्या. चला, सुटलो, असे म्हणत त्याने कौलाचा एक तुकडा उचलला आणि अंगठ्याने पुसला.

तुकडा मठाच्या काळचा नव्हता. यंत्रावर पाडलेले गुळगुळीत कौल होते ते, गावच्या शाळेवरचे. शाळेचे छप्पर घातले तेव्हा लोरेन्झ ऐन तारुण्यात होता. शिडीखालून तो कौले द्यायचा आणि वर किलियान ती बसवायचा. किलियान म्हणजे कुनीचा नवरा. तोही पुढे सातांतला एक झाला.

म्हणजे दगड हलवलेला होता, आणि हलवणाऱ्याला खुणा ठाऊक होत्या.

"गाढवा, काय करून बसलास," लोरेन्झ पुटपुटला.

"काय म्हणालात, काका?"

"कंबर धरली, म्हटलं."

त्याला मेलेल्या मित्राचा राग आला. मग समोर कुनीची वाकलेली पाठ दिसली आणि तो राग काही टिकेना. खरे बोलावे तर झाड फाइटचे ठरून उद्या आडवे होणार, आणि किलियानच्या नावाला थडग्यातही काळिमा लागणार. त्याने तुकडा होता तिथे ठेवला, माती लोटली आणि पायाने दाबली.

"दगड खरा आहे, जागच्या जागी आहे," तो म्हणाला.

फाइट वळला. क्षणभर त्याने झाडाकडे पाहिले, मग टोपी डोक्यावर चढवली.

"तुम्ही म्हणालात म्हणजे झालं, काका. मग बोलणंच संपलं," तो म्हणाला आणि निघून गेला. त्याने थोडे भांडायला हवे होते, असे लोरेन्झला वाटले.

कुनीने डोळे पुसले आणि खाली पडलेली फळे एप्रनमध्ये वेचू लागली.

"लोरेन्झ, घरी घेऊन जा चार."

"मला नकोत. अर्धी फाइटला दे."

"त्याला? करवत लावायला निघाला होता मेला!"

"दे म्हणतो ना."

कुनीचा हात थांबला.

"किलियानचंही हेच होतं बघ. फाइटच्या बापाचं तोंड बघायचा नाही, पण दर सप्टेंबरला भरलेली टोपली त्याच्या पायरीवर गुपचूप ठेवून यायचा. त्यावरून किती भांडले असेन मी."

तिने दगडाजवळच्या ताज्या मातीकडे पाहिले. मग लोरेन्झकडे. तो कुदळीचा चिखल खरवडत होता. कुदळ केव्हाच साफ झाली होती.

उरलेली फळेही कुनीने वेचली, एप्रनची टोके घट्ट धरली आणि सगळी घेऊन ती फाइटच्या घराकडे चालू लागली.