सिपोराबाईंचा पहिला सेदर

दुपारी चारला संजीवचा फोन आला तेव्हा सिपोराबाई सणाला वाइनऐवजी लागणारं काळ्या मनुकांचं सरबत गाळत होत्या. शिकागोत वादळ होतं, त्याचं विमान कॅन्सल झालं होतं आणि दुसरं थेट उद्या सकाळी होतं.

"आई, आजचं राहू दे ना," तो म्हणाला. "उद्या दुसरी रात्र आहेच. मी आलो की करू."

सिपोराबाईंनी फोन सुनेच्या, मोनाच्या, हातात दिला आणि पुन्हा मनुका पिळायला घेतल्या.

नागावकरांचं घर बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. त्यांचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते, तिथून सुटले, त्याची आठवण म्हणजे पेसाह. सिपोराबाईंच्या सासूबाई त्याला 'अनाशी धाकाचा सण' म्हणायच्या, म्हणजे आंबवणाचं मडकं झाकून ठेवायचा सण. पहिल्या दोन संध्याकाळी सेदर असतो. कर्त्या पुरुषानं टेबलाच्या टोकाशी बसून सुटकेची गोष्ट सांगायची, मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. सिपोराबाईंच्या यजमानांनी, एझ्रांनी, ती गोष्ट बेचाळीस वर्षं सांगितली. तीस वर्षं ठाण्यात आणि बारा वर्षं इथे ओहायोत, डब्लिनला, मुलाच्या घरी. कुठल्या पोथीतून नाही. स्वतःच्या मराठीत, तोंडी. गेल्या नोव्हेंबरात ते गेले. यंदा संजीव इंग्रजी पुस्तकातून वाचणार होता.

मोनानं फोन ठेवला. "मग मी रूथना कळवते, आई. त्या साडेसातला निघतील."

रूथ शेजारच्याच गल्लीत राहायच्या. ऐंशीच्या, एकट्या. सिनेगॉगमध्ये एझ्रांशी ओळख झाली, तेव्हापासून दर सेदरला त्यांचं पान इथेच असायचं.

"काय कळवशील? सण कॅन्सल झाला म्हणून?" सिपोराबाईंनी हात पुसले. "ताटं मांड. मी सांगेन गोष्ट."

मोना जागची हलली नाही. सासूबाई गोष्ट सांगणार हे नवल होतंच, पण 'ताटं मांड' हे त्याहून मोठं. ती नागपूरच्या हिंदू घरातली. लग्न कोर्टात झालं, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. सासऱ्यांनी महिन्याभरात तिला मुलगी मानलं. सासूबाई कधी भांडल्या नाहीत, टोचून बोलल्या नाहीत; फक्त पेसाहची वेगळी भांडी कपाटातून निघाली की म्हणायच्या, "राहू दे, मी करते." दरवर्षी टेबल संजीव मांडायचा आणि मोना स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची.

तिनं ताटं मांडली. मध्ये खमीर न घातलेल्या भाकऱ्या, म्हणजे मात्झा, फडक्यात गुंडाळून ठेवल्या. भाजलेलं हाड, कडू पाला, मिठाचं पाणी, खजुराचा शीरा म्हणजे घट्ट पाक, गोष्टीच्या खुणेचं सगळं जिथल्या तिथे. सिपोराबाई बघत होत्या. एकदाही त्यांना काही सरकवावं लागलं नाही.

रूथ आल्या आणि त्यांना सगळं कळलं. "मला इंग्रजीतलं पाठ आहे. मी म्हणू का?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

क्षणभर सिपोराबाईंना वाटलं, हो म्हणावं. इतकी वर्षं ऐकलं खरं, पण ऐकणं वेगळं आणि सांगणं वेगळं. तरी त्या एझ्रांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. "रुही, तू विचार."

रीतीप्रमाणे घरातली सगळ्यांत धाकटी, मोनाची पंधरा वर्षांची लेक, अडखळत म्हणाली, "आजी, आजची रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का?"

सिपोराबाईंनी सुरुवात केली. मिसरच्या राजासाठी, फारोसाठी, वाहिलेल्या विटा, गुलामांना सोडवणाऱ्या मोशेची काठी, भाकरीचं पीठ फुगायलाही वेळ न मिळालेली ती घाईची पहाट. आवाज हळूहळू स्थिरावला. रुही रूथच्या कानाशी इंग्रजीत सांगत होती. समुद्र दुभंगला, लोक पार झाले. मग एझ्रा जसे थेट कोकणात यायचे, तशा त्याही आल्या. "आणि पुढे कित्येक पिढ्यांनंतर आपलं जहाज नौगावच्या किनाऱ्याशी फुटलं. एका समुद्रानं वाट दिली, एकानं जहाज फोडलं. देव मात्र..."

पुढचं येईना. एझ्रांचा हात डोळ्यांपुढे आला, इथे ते सरबताचा पेला खाली ठेवायचे. शब्द मात्र एकही नाही. रूथनी मान खाली घातली. रुही आजीकडे बघत राहिली.

"देव मात्र दोन्ही किनाऱ्यांवर तोच होता," स्वयंपाकघराच्या दारातून मोना म्हणाली. "सात जोडपी वाचली, त्यांनी घाणे घातले, तेल गाळलं, विश्रांतीचा शनिवार पाळला. म्हणून आज आपण इथे आहोत. आता प्रत्येकानं सांगायचं, यंदा आपण कशातून सुटलो."

सिपोराबाई मागे वळल्या. शब्द तर शब्द, थांबायच्या जागाही एझ्रांच्याच होत्या. आपणही तर अशाच दारात उभं राहून शिकलो, त्यांच्या मनात आलं. ठाण्याला, हातात डाव घेऊन.

रूथ म्हणाल्या, त्या वॉकरमधून सुटल्या. आज तीन पायऱ्या आपल्या पायांनी चढल्या. रुही म्हणाली, "ब्रेसेस!" आणि सगळे हसले.

"मोना, तू?" सिपोराबाईंनी विचारलं.

मोना पदराशी चाळा केल्यासारखा नॅपकिन चुरगाळू लागली. "बाबा गेल्यावरही मी रोज पहाटे पाचला उठत होते. त्यांच्या गोळ्यांची वेळ. अलार्म नव्हता, तरी जाग यायची. परवा पहिल्यांदा सात वाजेपर्यंत झोपले." तिनं नॅपकिन खाली ठेवला. "सुटले म्हणायचं का ते, मला नाही माहीत. मला फार वाईट वाटलं, आई."

पाच महिने सिपोराबाई समजत होत्या की या घरात पहाटे फक्त त्यांनाच जाग येते. भिंतीपलीकडे आणखी कुणी डोळे उघडे ठेवून पडलं असेल, हे त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं.

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. बारा वर्षं ती त्यांची स्वतःची जागा होती.

"इथे बस," त्या म्हणाल्या. "भात नंतर वाढू. तो काही पळून जात नाही."

मोना बसली. सिपोराबाईंनी भाकरी मोडली, त्यावर खजुराचा शीरा घातला आणि पहिला तुकडा तिच्या हातात दिला. जेवताना रूथनी भात नाही घेतला. त्यांच्यात, युरोपातून आलेल्या ज्यूंमध्ये, पेसाहला भात चालत नाही. पण बटाटे त्यांनी तीनदा मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी संजीव आला, ओशाळलेला. बॅग दारातच टाकून म्हणाला, "आई, आज मी वाचतो हं."

"वाच की. पण नौगावपासून पुढे मोना सांगेल."

"मोनाला येतं?"

"तुझ्यापेक्षा बरं येतं," सिपोराबाई म्हणाल्या आणि घटकाभर पडायला खोलीत निघून गेल्या.