भुंग्या पास, माल पास

“आप्पा, ह्यातला एक तुकडा तुमी खाऊन दाखवशीला काय?”

खरं तर हा प्रश्न आरोहीचा नव्हताच. सौम्यानं आणि दहावीच्या वर्गातल्या बाकीच्या मैत्रिणींनी पैज लावून तो तिच्या तोंडात घातला होता. “स्टेजवर माइक धरून लई बोलतीस न्हवं? मग तुज्या आप्पांना इचारून दाव की!” वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून आरोही कुणाला भ्यायची बंदच झाली होती. शाळा सुटली तशी अख्खी पलटण घेऊन ती कंग्राळीतल्या आपल्या घरामागच्या शेडवर थडकली.

तिचे वडील, बसवंतआप्पा, म्हणजे कोंबडीच्या दुकानात जन्म काढलेला माणूस. गेल्या वर्षी दुकान मोडून त्यांनी शेडमध्ये एक भलंमोठं यंत्र आणलं. कच्चं चिकन आणि कलेजी त्यात कडक गोठवायची, मग आतली हवा ओढून घेत मांसातलं सगळं पाणी उडवून टाकायचं. राहायचे ते थर्माकोलसारखे हलके, पांढुरके तुकडे. शहरातल्या लाडक्या कुत्र्यांचा खाऊ! शिजवणं नाही, तळणं नाही. पाकिटावर ‘एकदम नैसर्गिक’ असं छापलेलं.

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला, ट्रेमधला तुकडा उचलला आणि टाकला तोंडात. कुरुम!

“हं. मीठ न्हाय एवढंच.”

पोरी किंचाळल्या, खिदळल्या. सौम्यानं कानाला हात लावून हार मानली. दाराशी बांधलेला कुत्रा, भुंग्या, आपल्या वाटणीसाठी साखळी तोडायला निघाला होता. त्याचा हक्कच होता तो. यंत्रातून निघणाऱ्या प्रत्येक घाण्यातला पहिला तुकडा भुंग्याला मिळायचा आणि दुसऱ्या दिवशी तो शेपूट हलवत उभा राहिला की माल पाकिटात जायचा. “भुंग्या पास, माल पास,” हा आप्पांचा कायदा.

पोरी घरी गेल्या, पण ते ‘कुरुम’ काही गेलं नाही. आप्पांना त्यात धंद्याची युक्ती सापडली. गिऱ्हाईक आलं की बोलणं कमी, कुरुम जास्त. समोरचा माणूस आ वासून बघायचा आणि पाकिटं घेऊन जायचा. आरोहीचा धाकटा भाऊ स्वरूप, नुकता बोलायला लागलेला, तोही आप्पांच्या मांडीवर बसून हे सगळं बघायचा.

मग एका दुपारी वाऱ्यानं तारा तुटल्या आणि करंट गेला. शेडचे पत्रे तव्यासारखे तापलेले. संध्याकाळी आरोही पोचली तेव्हा यंत्राचं दार उघडं होतं. आतले तुकडे लिबलिबीत झालेले, ट्रेच्या कडेवरून गुलाबी पाणी टपटप गळत होतं.

“आप्पा, हे टाकायचं न्हवं?”

“येडी का काय? करंट आला की परत गोठतंय. वाळल्यावर काय ऱ्हातंय त्यात?”

आणि झालंही तसंच. घाणा निघाला तो पहिल्यासारखाच पांढुरका, हलका. आप्पांनी तुकडा नाकाशी धरला. दुकानात असताना शिळी कोंबडी नुसत्या वासावर परत धाडणारं नाक ते! पण ह्या तुकड्याला वासच नव्हता. भुंग्यानं मिटक्या मारत खाल्लं आणि सकाळी शेपूट हलवलं.

पास.

त्याच सकाळी आरोही दप्तर भरत होती आणि मागून आवाज आला. कुरुम. स्वरूप घरात आणून ठेवलेल्या त्याच घाण्याच्या पोत्याला टेकून बसला होता, गाल फुगलेले. तिनं बोट घालून राहिलेला चुरा बाहेर काढला, पण अर्धा पोटात गेलेला.

“आई! ह्यानं कुत्र्याचं खाल्लं बघ!”

“वाळलेलंच हाय की गं,” आई चुलीपुढून म्हणाली. “सांडग्यागत. आप्पा रोज खात्यात, काय झालंय त्यांना?”

त्या दिवशी शाळेत प्रयोग होता. मॅडमनी कोमट साखरपाण्यात वाळक्या यीस्टचे दाणे टाकले. बघता बघता फेस वर चढला आणि नळीबाहेर आला. पोरं ओरडली. मॅडम हसून म्हणाल्या, “मेलेलं नव्हतं ते. झोपलेलं होतं. पाणी मिळालं, उठलं.”

सगळा वर्ग हसत होता. आरोहीला मात्र स्वरूपच्या तोंडातून काढलेला चुरा आठवला.

घरी येऊन तिनं वाटीभर पाण्यात एक तुकडा टाकला. तो हळूहळू पाणी पीत गेला. पांढऱ्याचा गुलाबी झाला, फुगला, मऊ पडला. जेवायच्या वेळेपर्यंत वाटीत कच्चं मांस होतं, कुणीतरी आत्ताच कापून ठेवल्यासारखं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली तेव्हा वाटीवर माशा घोंघावत होत्या आणि वास असा, की भुंग्यासुद्धा लांबून हुंगून बघत होता. ती वाटी तिनं आप्पांपुढे धरली.

“हे बघा. वाळल्यावर ह्यातलं काय बी मेलेलं न्हाय.”

“पाण्यात भाकरी ठेव, ती बी नासती,” आप्पा म्हणाले. “भाषण ठोकू नको.”

ढाल मिळवलेली पोरगी वाटी घेऊन उकिरड्याकडे निघाली. आतल्या खोलीत स्वरूप किरकिरत होता. आईनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

रात्रभर जुलाब, उलट्या. सकाळी बेळगावातल्या दवाखान्यात त्याच्या एवढ्याशा हाताला सलाईन लागलं. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. रडायचं त्राणही नव्हतं त्याला.

“कच्चं काही खाल्लंय का? मांस, अंडं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“कच्चं?” आईनं पदरानं डोळे पुसले. “न्हाय हो बाई. कच्चं कशाला दिऊ आमी लेकराला?”

ती खोटं बोलत नव्हती. तेच भयंकर होतं. वाळलेलं म्हणजे कच्चं, हे तिच्या मनातसुद्धा येत नव्हतं. डॉक्टरीणबाई मान हलवून पुढच्या खाटेकडे गेल्या.

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. टेम्पोवाला रवळू शेडवर येऊन थांबला होता. निपाणीला आज कुत्र्यांचं प्रदर्शन होतं. तिथले दुकानदार विक्रमशेठ आप्पांना स्टेजवर उभं करणार होते, आणि कुत्रं घेऊन येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात ह्याच घाण्याचं एकेक पाकीट ठेवणार होते.

“जाऊन येतो,” आप्पा चपला घालत म्हणाले. “शब्द दिलाय. स्टेजवर एक कुरुम केलं की संपलं काम.”

आरोहीच्या डोळ्यांपुढे मंडप आला. समोर मांडी घालून बसलेली पोरं, आप्पांकडे बघणारी. प्रत्येकाच्या मुठीत पाकीट.

ती उठून दारात उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला.

“आप्पा, टेम्पो भरायचा न्हाय. शेडची चावी मी सकाळीच खिळ्यावरनं काढून आणलीया, आणि ती मी देणार न्हाय. आई, तू बी ऐक. स्वरूपनं काय खाल्लंय ते मी आत्ता जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगणार हाय. ह्या घाण्याची पाकिटं तपासायला धाडणार हाय. आणि विक्रमशेठना फोन मीच करणार. तुमी मला मारा न्हाय तर घरातनं काढा, पर तपासणी हुईस्तवर त्या शेडमधनं एक तुकडा भाईर जाणार न्हाय.”