क्षणभर खाली येऊ द्या

मी एक कपॅसिटर बोलतोय, थोडी वीज साठवून ठेवणारा. बोटाच्या पेराएवढा, दोन पायांचा. सध्या टेबलावर डब्याच्या झाकणात आडवा पडलोय. पाय वाकलेत, पण मी अजून धडधाकट आहे. दुःख तेच आहे.

माझी नोकरी दादाच्या चाकांच्या खुर्चीत. तिच्या मोटारीची वीज दोन स्विच सांभाळायचे, वरचा आणि खालचा, आळीपाळीने. वरच्याचा तोरा मोठा. त्याला चालू ठेवायला बॅटरीहूनही चढा दाब लागतो, आणि तो पुरवायचो मी. खालचा चालू झाला की खाली येऊन भरून घ्यायचं, तो बंद झाला की भरलेलं घेऊन वर जायचं. नळावर कळशी भरून माडीवर नेतात, तसंच. पापणी लवेपर्यंत कितीतरी खेपा व्हायच्या. माझी तक्रार नव्हती.

दादा शिंप्याच्या दुकानात कापड बेततो. दुकान चढाच्या टोकाला. पूर्वी कुणीतरी मागून ढकलायचं आणि चढभर उपदेशही करायचं. त्याला वीट आला होता. म्हणून पंखे-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या धाकट्या बहिणीने खुर्चीला मोटार बसवली, हाताशी वेगाची दांडी दिली. चढावर खुर्ची जरा रेंगाळायची, एवढंच.

"दांडी पूर्ण पुढे केली तर पूर्ण ताकद नको मिळायला?" दादा म्हणाला. "थोडी राखून कशाला ठेवतेस?"

राखलेली ताकद नव्हती ती. वरचा स्विच मध्येच क्षणभर बंद व्हायचा, ती माझी खाली यायची फुरसत होती. धाकटीला मात्र ती वाया जाणारी वीज वाटली. भावाच्या मायेपोटी तिने ती काढून टाकली. आता दांडी पूर्ण पुढे केली की वरचा स्विच सतत चालू आणि खालचा बंदच. अंगणात जरा जरा पळवून पाहिलं, खुर्ची छान पळाली. दोघं लहान मुलांसारखी खूश झाली.

चढावर दादाने दांडी पुढे केली ती तशीच धरून ठेवली. मी वर अडकलो आणि आटत गेलो. मी कोरडा पडल्यावर वरचा स्विच धड चालू ना धड बंद, तापला आणि जळाला. खुर्ची मागे घरंगळली. मागून येणाऱ्या धाकटीने अंग घालून ती अडवली, म्हणून दादाच्या मनगटावर निभावलं. पण ते कात्री धरायचं मनगट होतं.

धाकटी खूप रडली, मग कामाला लागली. नवा स्विच घातला. मला तपासलं, मी चांगला निघालो.

"हा छोटा पडतोय," ती स्वतःशीच म्हणाली आणि माझ्या जागी अंगठ्याएवढा माझा भाऊबंद बसवला. या वेळी खुर्ची अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता धावली.

आज दादाचं प्लास्टर निघालं. दाराशी थांबून त्याने विचारलं, "आता पोचेन ना गं?"

"पोचशील. आणि आज मी मागून येत नाही. नाहीतर म्हणशील, हिचा विश्वास नाही."

तो मनापासून हसला.

माझा भाऊबंद मोठा आहे, माझ्यापेक्षा जास्त टिकेल, खुर्ची आणखी वर नेईल. पण खाली यायची फुरसत त्यालाही कुणी ठेवलेली नाही. तोही आटेल, चढाच्या टोकाजवळ, आणि मागे कुणी नसेल. धाकटे, मोठं काही नको होतं गं. क्षणभर खाली येऊ दिलं असतंस तर मीच पुरलो असतो.

फाटक वाजलं. चाकं चढाकडे वळली.