कोणाचा पेशंट

धर्मेंद्रनं आणलेली सफरचंदं पंचफुलानं उचलली आणि त्याच्याच हातात परत दिली. ज्याचा अर्धा खालचा जबडा डॉक्टरांनी काढून टाकलाय, त्याच्या घरी सफरचंदं आणणारा माणूस आपला असूच शकत नाही.

"कावून आले, ते सांगा."

"चाचीजी, राज्य सरकार के वकील साहब ने भेजा है. रायपूर में सुनवाई है. चाचाजी को ले जाना है."

चाचाजी, म्हणजे तिचा नवरा देवराव, खाटेवर बसून ऐकत होता. भिलाईतल्या त्यांच्या रुआबांधा वस्तीत घरोघरी सकाळी दातांना गुडाखू घासतात. तंबाखू-गुळाची ती काळी लुगदी देवरावनं कारखान्यात असताना आणि रिटायर झाल्यावरही घासली होती. ऑपरेशननंतर त्यानं, शेजारच्या कवडूनं आणि इतर पेशंटांनी मिळून गुडाखूच्या कंपनीवर दावा लावला. कंपनीनं तडजोड केली, तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारांसाठी म्हणून कोर्टात पैसा भरला. मग दुसरंच भांडण पेटलं. राज्य म्हणे, पेशंट आमचे, पैसा आमचा. केंद्र म्हणे, ऑपरेशनं आमच्या योजनेतून झाली, आधी आमचा वाटा. पैसा कोर्टातच अडकला आणि भिलाईच्या दवाखान्यात रेडिएशनच्या मशीनसाठी बांधलेल्या खोलीत लोक सायकली ठेवू लागले.

धर्मेंद्र वाकून देवरावच्या कानाशी काहीतरी बोलला. देवरावनं मान हलवली.

"काय म्हणला तो?" तो गेल्यावर पंचफुलानं विचारलं.

"काय नाय." देवरावचे शब्द जिभेतच विरघळायचे. ते फक्त तिलाच कळत.

दुपारी आनंदराव आले. हे केंद्राच्या बाजूचे. "वहिनी, मी आपल्या भंडाऱ्याचाच," ते म्हणाले. गावाचं नाव ऐकून ती जास्तच सावध झाली. तेही नवऱ्याच्या कानाशी लागले आणि देवरावनं त्यांनाही मान हलवली.

"दोघाइले हो म्हणून राहिले तुम्ही! काही कबूल केलं का त्याइनं?"

देवराव भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. यानं पैसे घेतले, अशी आता तिची खात्रीच पटली. सुनावणीच्या दिवशी धर्मेंद्रच्या गाडीत रायपूरपर्यंत ती नवऱ्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होती.

न्यायालयानं नेमलेल्या समितीपुढे दोन्ही वकील तावातावानं बोलत होते. हा आमचा पेशंट. अहो, खर्च तर आम्ही केला! शेवटी समितीच्या अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीशबाई, त्यांना थांबवून म्हणाल्या, "त्यांनाच बोलू द्या."

देवराव उठला. बराच वेळ बोलला. कोणाला काहीच समजलं नाही. सगळे पंचफुलाकडे बघू लागले. तिनं भलतंच काही ऐकायची तयारी केली होती.

"ते म्हणून राहिले," ती म्हणाली, "का आमच्या कवडूले इथवर बस झेपत नव्हती. रेडिएशनची लाईट घेनं त्यानं अर्ध्यातच सोडलं. दिवाळीच्या आधी गेला तो. मशीन भिलाईत लावा. कोनाचं नाव लिवाचं, ते मंग भांडत बसा."

"भिलाई म्हणजे राज्यच झालं," राज्याचे वकील लगेच म्हणाले.

"मशीन म्हणाले ते, राज्य नाही," केंद्राचे वकील उभे राहिले.

पुढची तारीख पडली.

बाहेर आल्यावर तिनं हळूच विचारलं, "कानात काय सांगत होते ते दोघं?"

"तिथं मले बोलू देतो म्हनले."

"अन् मी काय काय इचार केला!" ती म्हणाली. देवरावनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

फाटकाशी दोन गाड्या उभ्या होत्या. आनंदरावांनी दार उघडलं, धर्मेंद्रनंही उघडलं. देवराव दोन्ही गाड्यांच्या मधून निघून गेला. ती मागोमाग गेली.

भिलाईची बस भरलेली होती. कंडक्टरनं देवरावच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाला उठायची खूण केली. तो उठला. "मरीज हैं ना? बैठ जाइये."

देवरावनं मान हलवून नाही म्हटलं. वरचा दांडा धरला. पंचफुलाही त्याच्या शेजारी उभी राहिली. अर्ध्या वाटेवरचं कुम्हारी गाव मागे गेलं, तरी ती रिकामी सीट तशीच होती.